टेप घेऊन पाच दिवस

एकवीस वर्षं मी अबू धाबीत रस्ते मोजले. नोकरी सर्व्हेअरची, पण शेजारी कुणी विचारलं तर आई सांगायची, "वाळूवर चुन्याच्या रेघा मारतो." फार चुकीचं नव्हतं ते. गेल्या वर्षी गाशा गुंडाळून बेळगावला, शहापूरच्या घरी परतलो. लेकीनं बारावी तिकडंच संपवली आणि इथं आर्किटेक्चरला प्रवेश घेतला. बेळगाव तिला माहीत ते मे महिन्याच्या सुट्टीतलं: आजी, आंबे, कुंदा आणि परतीचं विमान. संक्रांत झाली आणि कॉलेजनं काम दिलं. आपल्या भागातली एक जुनी गल्ली निवडायची, मोजायची, कागदावर उतरवायची. "एकच का? मी चार गावं बघते, मग ठरवते," म्हणत तिनं माझी जुनी तीस मीटरची टेप ट्रंकेतून काढली.

गाडी दादानं चालवायची ठरली. दादा म्हणजे आमच्या मावशीचा थोरला. तीस वर्षं सरकारी लाल बस चालवून निवृत्त झालाय. मला तिकडच्या उजव्या बाजूची सवय लागलेली. वळणावर हात अजून भलतीकडं ओढतात, त्यामुळं माझ्याकडं किल्ली द्यायला घरात कुणी तयार नाही.

पहिला दिवस : शहापूर, गाव, टिळकवाडी

सुरुवात घराच्या दारातनंच झाली. आमचं घर आजोबांच्या वेळचं, कौलारू. पुढं ओटा, ओट्याला दोन पायऱ्या. टेपचं एक टोक मी समोरच्या घराच्या भिंतीला धरलं, दुसरं घेऊन लेक आमच्या बाजूला आली आणि अडली.

"पप्पा, रस्ता कुठपर्यंत धरायचा? ओटा घराचा की रस्त्याचा?"

अबू धाबीत हा प्रश्न कधी पडला नव्हता. तिथं आधी प्लॉटची हद्द, मग फुटपाथ, मग कर्ब म्हणजे फुटपाथची कड, मग पार्किंग, मग डांबर. प्रत्येक कोपऱ्याचे आकडे दशांशाच्या तीन घरांपर्यंत ऑफिसात नोंदलेले. उलट आमच्या ओट्यावर सकाळी दूधवाल्याची किटली, दुपारी शेजारच्या काकूंचं तांदूळ निवडणं, संध्याकाळी पोरांचा अड्डा, आणि पावसाळ्यात अनोळखी माणूससुद्धा तिथं निवाऱ्याला थांबतो. त्याला ऊठ म्हणायची पद्धत नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत ३.९५ मीटर भरलं, ओट्यापासून ओट्यापर्यंत २.६०. तिनं दोन्ही आकडे लिहिले आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

ओट्याच्या कोपऱ्यावर लाल रंगाचा एक बाण आहे, त्याखाली आकडा. मी परतलो त्याच्या आधी कधीतरी कुणीतरी मारून गेलं. रुंदीकरणाची खूण, असं गल्लीत म्हणतात. कुठल्या कचेरीची, कधीची, कितीपर्यंत पाडणार, कुणालाच सांगता येत नाही, आणि मी दोन ठिकाणी चौकशी केली तर दोघांनी तिसरीकडं बोट दाखवलं. असले बाण मी आयुष्यभर मारले. फरक इतकाच की वाळूला ओटा नसतो.

दादा गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबलेला. गाडी आत येत नाही. आम्ही चालत निघालो. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजांकडं. आज दोन्ही मिळून एकच गाव झालंय, पण शहापूरचा माणूस अजूनही "गावात जाऊन येतो" म्हणतो. मारुती गल्ली, गणपत गल्ली, खडेबाजार, कडोलकर गल्ली. दिसायला सगळ्या सारख्या वाटतात, पण जरा मान वर करून बघितलं की एकेक घर वेगळं. खाली दुकानाचं शटर, वर लाकडी कठड्याचा सज्जा, त्याच्यावर कुणी पत्र्याची खोली चढवलेली, तिच्यावर पाण्याची टाकी. तीन पिढ्यांचं बांधकाम एकाच भिंतीत दिसतं. अबू धाबीत तीस वर्षांची इमारत म्हातारी ठरते. लेक ज्या इमारतीत रांगायला शिकली ती पाडून तिथं काचेची नवी उभी राहिलीय.

खडेबाजाराच्या बाजूच्या एका बोळात शिरलो. दुपारचे बारा वाजलेले, तरी बोळात सावली. लेक थबकली आणि म्हणाली, "हे मसदरसारखं आहे." मला हसूच आलं, पण तिचं बरोबर होतं. अबू धाबीच्या विमानतळाजवळ २००८ पासून मसदर नावाचं नवं शहर बांधतायत. वाळवंटातलं नव्यातलं नवं. गाड्या बाहेर ठेवायच्या, आत अरुंद गल्ल्या, गल्लीवर घराची सावली पडेल अशी दिशा, आणि मध्ये वारा खाली ओढणारा मनोरा. २०१६ पर्यंत पुरं व्हायचं होतं, ते लांबत गेलं. म्हणजे चाळीस वर्षं रुंद रस्ते आखून झाल्यावर तिथले शहाणे लोक परत बोळाकडंच आले.

आणि तसा बोळ तिथं आधीपासून होताच. दुबईच्या खाडीकाठचा अल फहिदी, जुनं नाव बस्तकिया. इराणच्या बस्तक गावच्या व्यापाऱ्यांनी वसवलेला. प्रवाळी दगड आणि चुन्याची घरं, छपरावर वारा धरणारे बुरूज, मध्ये दोन माणसं जेमतेम जातील असल्या गल्ल्या. त्यांना तिथं 'सिक्का' म्हणतात. त्यातली अर्धी वस्ती १९८० च्या दशकात पाडली, उरलेली आता तिकीट नसलेलं म्युझियम असल्यासारखी झाडून-पुसून ठेवलीय. लेकीची शाळेची सहल तिथं गेली होती. "तिकडं कुणी राहत नव्हतं पण," ती म्हणाली. तेवढ्यात वरच्या सज्जातनं एका आजींनी "बाजूला व्हा गा" म्हणत बादलीभर पाणी खाली ओतलं.

पोस्टमनची गोष्ट इथंच सांगून टाकतो. अमिरातीत घरपोच पत्र सहसा येत नाही, पोस्टाची पेटी भाड्यानं घ्यायची. दुबईत आता प्रत्येक दारावर 'मकानी' नावाचा दहा आकडी नंबर लावलाय, पण माझी सगळी वर्षं "अमुक सुपरमार्केटच्या मागं, तमुक मशिदीच्या समोर" असा पत्ता सांगण्यातच गेली. इंच-इंच आखलेलं शहर आणि पत्ता मात्र खुणेचा. शहापुरात माझ्या नावाचं पत्र नुसतं आजोबांचं आडनाव आणि गल्ली लिहून पोचतं. एकदा तर गल्ली चुकली होती, तरी आलं.

रेल्वे ओलांडून टिळकवाडीत गेलो तेव्हा लेकीला एकदम ओळखीचं काही दिसल्यासारखं झालं. सरळ रस्ते, काटकोनी चौक, कंपाउंड, कंपाउंडमागं आंबा. ही आमची 'आखलेली' वस्ती. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा सायकल दुकानातनं वाढलेला कारखाना बेळगावात होता. या नव्या वसाहतीसाठी जागा रिकामी करा, असं नगरपालिकेनं सांगितलं, आणि १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एक आखीव वस्ती वसवताना दुसरी आखीव वस्ती जन्माला आली म्हणायची. पुढं डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेस अधिवेशन याच बाजूला मोकळ्या जागेवर भरलं. त्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे, आणि अधिवेशनावरनंच काँग्रेस रोड हे नाव.

रस्ता रुंद असूनही दादाला टिळकवाडी आवडत नाही. "इथं बस थांबवली तर चढायला कोण नसायचं. सगळे बंगल्यात." कॅम्पाबद्दल मात्र त्याला आदर आहे, कारण तिथं झाडं आहेत आणि मिलिटरीच्या भीतीनं कुणी दुचाकी वाकडी लावत नाही.

संध्याकाळी धारवाडच्या बाजूला हायवेवर जाऊन सुवर्ण विधान सौध बाहेरनं बघून आलो. २०१२ साली उद्घाटन झालेली ही प्रचंड पांढरी इमारत हलग्याच्या माळावर एकटी उभी आहे. हिवाळी अधिवेशनापुरती गजबज, मग परत वारा. मला दुबईच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुने फोटो आठवले. १९७९ चं, ३९ मजली, आणि चहूबाजूंना नुसती वाळू. लोक म्हणायचे गावापासून इतक्या लांब कोण मरायला जाणार. पुढं त्याच्याच दारातनं शेख झायेद रोड बारा पदरी होऊन गेला आणि आता ती इमारत उंच शेजाऱ्यांत शोधावी लागते. आमच्या माळावर तसं होईल का, यावर दादाचं उत्तर, "इथं जमिनीचे दर मात्र आधीच दुबई झालेत."

दुसरा दिवस : निपाणी

हायवेनं पुण्याच्या दिशेनं. काकतीपाशी राणी चन्नम्माचं माहेर, पुढं वंटमुरीचा घाट, मग संकेश्वर, तवंदी घाट, खाली निपाणी. ऐंशीएक किलोमीटर. रस्ता रुंद करायचं काम चाललंय. अर्धा वेळ सर्व्हिस रोडवर, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागं. त्या ट्रॉलीला मागं दिवा नसतो, त्याऐवजी बहुतेक वेळा आईवडिलांचे आशीर्वाद लिहिलेले असतात.

अबू धाबी ते दुबई रस्त्यावर मी हजार वेळा गेलो असेन. एकदा गाडी लावली की तास-दीड तास पाय हलवायचं काम नाही. आडवं काही येत नाही: ना म्हैस, ना वरात, ना चुकीच्या बाजूनं येणारा मोटारसायकलवाला. पण समोरच्या बाजूला दिसणाऱ्या दुकानातनं पाण्याची बाटली हवी असेल तर पुढं कितीतरी किलोमीटर जाऊन यूटर्न घ्यायचा. भलतीकडं चालत रस्ता ओलांडला तर २०२५ च्या आधी दुबईत ४०० दिरहम दंड होता. संकेश्वरजवळ दादानं गाडी कडेला लावली, हात वर करून दोन ट्रक थांबवले, पलीकडनं ऊसरस घेऊन आला. लेकीनं डोळे मिटून घेतले होते.

आधी निपाणीच्या जरा पुढं यमगर्णीच्या पुलापर्यंत गेलो. तिथं दादा आपोआप हळू झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचं पाणी इथं या हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळूर वाहतूक कैक दिवस बंद पडली. इथं माझ्या धंद्यातलं एक सांगायला पाहिजे. रस्त्याचा खरा वैरी गाड्या नव्हेत, पाणी. डांबराच्या भेगेतनं पाणी खाली गेलं की खडीचा थर सैल होतो, वरनं चाक गेलं की खड्डा. बेळगावला वर्षाला १२०० मिलिमीटरच्या पुढं पाऊस, दुबईला साधारण १००. तिकडचे रस्ते आरशासारखे राहतात त्यात निम्मं कौतुक पैशाचं आणि शिस्तीचं, निम्मं कोरड्या हवेचं. हे आमच्या इथल्या ठेकेदारांचं समर्थन नव्हे. पाऊस पडतो हे त्यांना दरवर्षी जूनमध्ये नव्यानं कळतं.

आणि वाळवंटालाही एकदा कळलं. १६ एप्रिल २०२४. त्या दिवशी अमिरातीत ७५ वर्षांतला सगळ्यात मोठा पाऊस झाला, अल ऐनच्या खत्म अल शकला इथं चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर. दुबईत बारा पदरी रस्त्यावर गाड्या टपापर्यंत बुडाल्या. कितीतरी भागांत पावसाचं पाणी वाहून न्यायला गटारच नाही. तुंबलं की पंप लावायचे, टँकरनं उपसायचं. आम्ही सर्व्हेअर तीन दिवस लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची, घेत फिरत होतो, पाणी कुठं जाईल ते शोधत. जायला जागाच ठेवलेली नव्हती.

निपाणीत शिरलं की तंबाखूचा वास, आणि तो दिवसभर कपड्यांना. वखारींच्या गल्ल्या बघण्यासारख्या आहेत. जाड भिंती, वर बारीक झरोके, रस्त्याच्या बाजूला जवळजवळ आंधळं तोंड. गल्लीची रुंदी भरली ६.२०. एवढी का, याचं उत्तर एका म्हाताऱ्या हमालानं दिलं: बैलगाडी वळवायला. लेकीनं जमिनीवर खडूनं बैलगाडीचा वळसा काढून बघितला आणि तो बरोबर बसला, तेव्हा आजूबाजूला वीसेक माणसं जमलेली. अबू धाबीत याच हिशोबानं कचऱ्याच्या गाडीचा आणि आगबंबाचा वळसा आम्ही कॉम्प्युटरवर काढायचो.

दादानं हायवेवरची एक जागा दाखवली. १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी इथं रस्त्यावर बसले. तीन आठवड्यांहून जास्त दिवस, हजारोंच्या संख्येनं, पालं ठोकून, चुली मांडून. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मेले. दादा तेव्हा कॉलेजात होता, भाकऱ्या पोचवायला आला होता. "रस्त्यावरच गाव वसलं होतं," एवढंच म्हणाला आणि गाडी सुरू केली.

तिसरा दिवस : चिकोडी, अथणी, पंक्चर

निपाणीहून पूर्वेला. चिकोडी गेली, कृष्णा ओलांडली, उसाचा हिरवा रंग हळूहळू उतरत गेला. अथणीच्या अलीकडं पंक्चर, स्टेपनीतही हवा नाही, त्यावरनं दादाचं आणि माझं तोंड. तीन तास गेले. दुकानदार कानडीत "यल्ली होंटीरी?", म्हणजे कुठं निघालात, विचारत होता, दादा कानडीत उत्तर देत होता, आणि मध्येच दोघं मराठीत मला हसत होते. लेकीनं अथणीत चामड्याची चप्पल घेतली. कोल्हापुरी म्हणून विकली जाते त्यातली कितीतरी इथंच तयार होते. पुढं टिकोट्याकडं द्राक्षांचे मळे आणि बेदाण्याच्या शेड. रात्री विजापुरात खानावळीत कडक जोंधळ्याची भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी. मोजलं काहीच नाही.

चौथा दिवस : विजापूर

सकाळी सात वाजता गोल घुमटात. उशीर केला की शाळेच्या सहली येतात आणि मग त्या कुजबुजीच्या सज्जात शंभर पोरं एकदम "ओ" करतात. आम्ही तिघंच होतो. दादानं पलीकडच्या भिंतीला तोंड लावून "चहा कधी?" विचारलं ते माझ्या कानात उमटलं. विजापूरचा सुलतान मोहम्मद आदिलशहा १६५६ साली गेला, त्याची ही कबर. घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर, आत एक खांब नाही. लेकीनं वर बघत बराच वेळ काढला. बुर्ज खलिफाच्या खाली ८२८ मीटर वर बघतानाही ती इतकी गप्प झाली नव्हती.

आम्हाला बघायचे होते ते रस्ते. विजापूरचा तट साधारण दहा किलोमीटर फेऱ्याचा, तालिकोटच्या लढाईच्या वर्षी, १५६५ ला पुरा झालेला. गावात येणारा रस्ता वेशीतनं येणार, आणि वेशीतनं निघालेला प्रत्येक रस्ता मधल्या किल्ल्याकडं, अर्ककिल्ल्याकडं. बेळगावच्या गल्ल्या कुणी आखल्यासारख्या वाटत नाहीत, पण इथं आखणाऱ्याच्या मनात काय होतं ते वरनं दिसतं. त्यासाठी उपळी बुरुजावर चढलो. मोकळ्यावर बांधलेला गोल बुरूज, बाहेरनं जिना, वर लांबलचक तोफा. तिथनं गाव बघितलं तर तटाच्या आत घरं, घरांमध्ये अचानक एखादी मशीद, मग रिकामा माळ, मग अर्धवट कमान, मग शेळ्या. एवढं मोठं शहर होतं आणि मग माणसं निघून गेली, नंतर दुसरी आली. इंग्रजांनी १८८० च्या दशकात जिल्ह्याचं ठाणं कलादगीहून इथं आणलं तेव्हा महालांतच कचेऱ्या थाटल्या.

लेक म्हणाली, "अबू धाबी रिकामं झालं तर असंच दिसेल?"

मी म्हटलं, नाही दिसणार. दगड टिकतो. काच आणि जिप्सम बोर्डाचं काय राहील, आणि एसी बंद पडला तर दोन उन्हाळे पुरेत. अबू धाबीचा आराखडा आधी काट्सुहिको ताकाहाशी या जपानी नियोजकानं केला आणि १९६८ पासून इजिप्तच्या अब्दुल रहमान मखलूफ यांनी पुढं नेला. मोठ्या रस्त्यांची जाळी, जाळीच्या एकेका चौकोनात वस्ती. बाहेरच्या कडेला उंच इमारती, आत छोटे रस्ते, मशीद, किराणा. चौकोनाच्या आत राहायला चांगलं असतं. एका चौकोनातनं दुसऱ्यात चालत जायचं म्हणजे मात्र जुलैमध्ये शिक्षा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला तिथं कायद्यानंच बंदी आहे, आणि ते अडीच तास आम्ही बसच्या सावलीत जमिनीवर पडून काढायचो. रुंद रस्त्याला सावली नसते, ही गोष्ट आराखड्यावर दिसत नाही. पाठीला कळते.

दुपारी ताज बावडी. १६२० ची, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या राणीच्या, ताज सुलतानाच्या नावाची. चौकोनी, पायऱ्यांची, समोर भव्य कमान. मला सगळ्यात बघायची होती ती सुरंग बावडी, पण आत जायची वाट नीट नव्हती आणि दादाचे गुडघे आधीच बोलत होते. तिची गंमत मी बाहेरच सांगितली. विजापूर कोरड्या मुलखात. एवढ्या वस्तीला पाणी कुठलं? पश्चिमेला तोरवीच्या बाजूला जमिनीखालचं पाणी धरायचं, बोगद्यातनं हळू उतारानं गावात आणायचं, आणि वाटेत ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी पाडायच्या, हवेसाठी आणि साफसफाईसाठी. याला करेज म्हणतात, इराणी विद्या. २०२० साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं जपायला हव्या अशा जागांच्या यादीत ही सुरंग बावडी घेतली होती.

"म्हणजे फलज!" लेक ओरडलीच. अल ऐनच्या खजुरीच्या बागेत आम्ही दर हिवाळ्यात जायचो. डोंगराच्या पायथ्याचं पाणी तिथंही असंच जमिनीखालनं येतं आणि मग उघड्या पाटातनं घराघराच्या बागेला पाळीपाळीनं मिळतं. तिथल्या हिलीचा फलज सुमारे ३००० वर्षांपूर्वीचा. पाटाच्या कडेनं उंच मातीच्या भिंती आणि दोन भिंतींमध्ये पायवाट, वाकडी, कारण पाट वाकडा. लहानपणी ती त्या पाटात चपला वाहवायची. मी एकवीस वर्षांत अमिरातीत वाकडा रस्ता आखला नाही, पण तिथला सगळ्यात जुना रस्ता वाकडा आहे. पाणी जसं गेलं तसा तो गेला.

संध्याकाळी टांग्यातनं गांधी चौकापर्यंत. टांगेवाल्यानं दर सांगितला तो टॅक्सीचा होता.

पाचवा दिवस : तोरवी आणि घर

परतताना तोरवीला थांबलो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाला 'नवरस' या शब्दाचं भारी वेड. १५९९ साली त्यानं विजापूरच्या पश्चिमेला नवं कोरं शहर वसवायला घेतलं आणि नाव ठेवलं नवरसपूर. सरदारांना वाडे बांधायला लावले, महाल उभे राहिले. १६२४ मध्ये मलिक अंबरची फौज आली, शहर लुटलं, आणि काम थांबलं ते थांबलंच.

आता तिथं संगीत महाल म्हणतात ती उंच कमानींची इमारत आहे, छप्पर नाही. पुढं कोरडा हौद. बाभळी. एक माणूस म्हशी घेऊन बसलेला. आम्ही टेप काढली, पण काय मोजायचं? रस्ता कुठं होता ते दिसत नव्हतं. लेक हौदाच्या काठावर चालत राहिली, मग म्हशीवाल्याला विचारलं, तुम्ही इथनं गावात कसं जाता? त्यानं बाभळीतली पायवाट दाखवली. तिनं ती मोजली. ०.४५ मीटर. वहीत लिहिलं: नवरसपूर, मुख्य रस्ता. बापावर गेलीय.

मला मात्र जरा कसंसंच झालं. मी आखलेले किती चौक अजून रिकामे आहेत ते मला माहीत आहे. दिव्याचे खांब लागलेत, कर्ब पिवळा-काळा रंगवलाय, आणि कोपऱ्यावर नुसती वाळू साचतेय. नकाशावर त्यांना नावं आहेत.

परतीचा रस्ता जमखंडी, मुधोळ, लोकापूर, यरगट्टी असा. दादानं वाटेत एकदाच तोंड उघडलं, बेळगाव जवळ आल्यावर. "तुमच्या तिकडं खड्डा नसला तर ड्रायव्हरला झोप येत नाही?" येते, मी म्हटलं, सरळ रस्त्यावरचे कितीतरी अपघात झोपेचेच. तो समाधानानं मान हलवत पुढच्या खड्ड्यातनं गाडी काढत राहिला.

शहापुरात पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली. ओट्यावर बसलेली पोरं उठली, न विचारता दोघांनी बॅगा उचलल्या आणि पुढं निघाली. गल्लीतल्या एका विणकराच्या मागाचा आवाज अजून चालू होता.

जेवण झाल्यावर लेक कागद घेऊन बसली. गल्ली तिनं आमचीच निवडली. भिंती जाड रेघेत काढल्या, गटार बारीक रेघेत. ओट्यापाशी पेन्सिल थांबली.

"पप्पा, प्लॉटची हद्द कुठली दाखवू?"

मी चष्मा काढला आणि परत घातला. एकवीस वर्षांत मी या प्रश्नाला एकदाही दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेतला नव्हता. शेवटी म्हटलं, "तुटक रेघ मार."

दादा मागनं कागदावर वाकला होता. "आणि हा लाल बाण?"

"तो नाही काढणार, काका," ती म्हणाली. ओट्यावर तिनं एक छोटासा माणूस काढला, पाय खाली सोडून बसलेला, हातात कपबशी.

"पोट जास्त काढलंस," दादा म्हणाला.